आधी लेख पाठवा

लोकांना ब्लॉग बनवून देणं हे माझं काम. नवीन क्लायंटचा फोन आला की पहिली दहा मिनिटं रंगांवर जातात. हिरवा हवा पण पोपटी नको, वर फोटो सरकत राहायला हवेत, अमक्यांची साइट पाहिली का, साधारण तशीच पण जरा वेगळी. मी सगळं वहीत उतरवून घेते आणि फोन ठेवण्याआधी एकच मागणी करते. आधी लेख पाठवा. छापून आलेले असोत, अर्धवट राहिलेले असोत, वहीत लिहिलेले असतील तर पानांचे फोटो काढून पाठवा, पण निदान दहा लेख हवेत. ते वाचून होईपर्यंत मी स्क्रीनवर एक रेघही ओढत नाही.

बरेच जण इथे थबकतात. “अहो, साइट झाली की लिहायला बसणारच आहे,” म्हणतात. त्यांना मी सांगते की मग साइटची घाई करू नका, आधी चार लेख लिहा. वर्डमध्ये लिहा, मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा, काहीही चालेल. यातले काही जण परत फोन करत नाहीत आणि हातचं काम जातं. तरी ही अट मी सोडलेली नाही. सुरुवातीच्या वर्षांत लेख न पाहता बनवलेल्या साइट्सचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे. दिसायला एकेक देखणी होती, पण स्वागताच्या पहिल्या लेखापुढे त्यातली एकही सरकली नाही.

कंपनीच्या साइटला पाच-सात पानं असतात. मजकूर ठरलेला, फोटो ठरलेले, एकदा बसवलं की वर्षभर कुणी हात लावत नाही. ब्लॉगचं उलट असतं. मी काम संपवून लॉगिन हातात देते त्या दिवशी त्याचं काम सुरू होतं. पुढे त्यात काय काय येणार ते मी पाहिलेलं नसतं, बहुतेक वेळा लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अजून न लिहिलेल्या लेखांसाठी जागा करायची, तर लिहून झालेल्या लेखांवरूनच अंदाज बांधावा लागतो. माप घेतल्याशिवाय कपडा कसा बेतणार?

गेल्या काही महिन्यांत ज्या कामाने मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका निवृत्त प्राध्यापिकेच्या ब्लॉगचं. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि आता झाडांवर मराठीतून लिहायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. मी लेख मागितले तेव्हा म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही आधी पेपर तपासणार तर.” दोन दिवसांनी ४१ फाइल्स आल्या.

सलग तीन संध्याकाळी मी त्या वाचल्या. वाचताना शेजारी कागद असतो आणि त्यावर अगदी साध्या नोंदी करत जाते. शीर्षकं किती शब्दांची आहेत, उपशीर्षकं येतात का, फोटो उभे की आडवे, अवतरणं किती, याद्या किती, रोमन लिपी मध्ये कुठे डोकावते. मॅडमची शीर्षकं लांब आणि बहुतेक प्रश्नार्थक होती. फोटो जवळजवळ सगळे उभे, मोबाइलवर काढलेले. प्रत्येक लेखात झाडांची शास्त्रीय नावं रोमनमध्ये. आणि प्रत्येक लेखाच्या डोक्यावर दोन ओळी, झाड कुठे पाहिलं आणि कोणत्या तारखेला. ही शेवटची सवय पाहून मला फार आनंद झाला, कारण सगळ्या साइटचा कणा तिथेच सापडला.

त्याआधी त्यांच्या पुतण्याने त्यांना एक तयार थीम, म्हणजे साइटचा आयता साचा, लावून दिली होती आणि तीन लेख टाकूनही झाले होते. ते मी उघडून पाहिले. थीममध्ये लेखाच्या वर पूर्ण रुंदीचा आडवा फोटो येत होता, हल्ली सगळीकडे येतो तसा. त्यातल्या एका लेखाचं नाव होतं ‘पिंपळाच्या पानाचं टोक लांब का असतं’. पिंपळाच्या पानाला शेपटीसारखं निमुळतं टोक असतं, पावसाचं पाणी त्यावरून ओघळून जातं आणि पान लवकर कोरडं होतं. हे दाखवायला मॅडमनी पान बोटांत उभं धरून मुद्दाम फोटो काढला होता. थीमने तो आडव्या चौकटीत बसवताना वरून आणि खालून कापला. वरचा देठ गेला आणि खालचं टोकही गेलं. लेख ज्या टोकाबद्दल होता ते टोकच फोटोत नव्हतं.

मी विचारलं, “मॅडम, हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं?”

“आलं होतं की. पण म्हटलं, साइटला असंच लागत असेल.”

हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय. साइटला असंच लागत असेल, म्हणून माणसं आपली शीर्षकं तोडतात, परिच्छेद निम्मे करतात, नको असलेले फोटो शोधून आणून डकवतात. ज्या माणसाने तीस-चाळीस वर्षं एक विषय जपला तो एका चौकटीपुढे मान तुकवतो, आणि ती चौकट कुणीतरी दुसऱ्याच कसल्यातरी मजकुरासाठी आखलेली असते. मला याचा मनापासून राग येतो. माझं काम सुरू होतं ते इथून.

तर आडवा फोटो गेला. फोटो ज्या आकारात काढलाय त्याच आकारात दिसणार, फक्त उभ्या फोटोची उंची पडद्याच्या उंचीपेक्षा थोडी कमी ठेवली, म्हणजे पान एका नजरेत पूर्ण दिसतं. फोटो उतरायला वेळ लागला तरी त्याची जागा आधीपासून राखलेली असते, नाहीतर वाचता वाचता मजकूर अचानक खाली उडी मारतो आणि ओळ हरवते. गूगलने यासाठी मोजमाप ठरवून दिलंय. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि मजकुराच्या या हलण्याचा आकडा ०.१च्या वर जाऊ नये. मी हे आकडे पाळते, पण खरी चाचणी म्हणजे जुना मोबाइल आणि कमी सिग्नल. मॅडमचे फोटो एकेक चार-पाच एमबीचे होते. ही साइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २०१९मधल्या ५.३ आवृत्तीपासून फार मोठे फोटो आपोआप २५६० पिक्सेलपर्यंत खाली आणतं, पण वाचण्याच्या स्तंभाला तेवढाही लागत नाही. म्हणून स्तंभाच्या मापाच्या लहान प्रती तयार होतील अशी सोय केली. मॅडमनी फक्त फोटो टाकायचा, बाकी काही पाहायचं नाही.

अक्षरांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. बहुतेक तयार थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. त्यांत मराठी मजकूर ओतला की काय होतं ते एका लहानशा गोष्टीत दिसतं. रोमन शीर्षक ऐसपैस वाटावं म्हणून अक्षरांमध्ये किंचित अंतर सोडतात, लेटर-स्पेसिंग. देवनागरीला ते लावलं की शिरोरेषा तुटते. शब्द एका दोरीत ओवलेला असतो आणि ती दोरी जागोजागी कापल्यासारखी दिसते. मॅडमच्या जुन्या थीममध्ये मुख्य शीर्षकाला एक पिक्सेलचं अंतर होतं. मोबाइलवर चटकन लक्षात येत नव्हतं, मोठ्या पडद्यावर मात्र ‘पिंपळाच्या’ या शब्दात अक्षराअक्षराला केसाएवढी फट. एकदा दिसली की नजर तिथून हलत नाही. कुठलीही थीम हातात आली की मी आधी लेटर-स्पेसिंग शोधते आणि शून्य करते.

दुसरं ओळींमधलं अंतर. रोमनला अक्षराच्या दीडपट पुरतं. आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. दीडपट अंतरात वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना टेकतात. मी पावणेदोनपटीपासून सुरुवात करते आणि फॉन्ट पाहून किंचित वर-खाली करते. ओळीत दहा-बारा शब्द, त्यापेक्षा जास्त झाले की परतताना डोळा चुकीच्या ओळीवर उतरतो.

मग ल आणि श. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळा, श चंही तसंच. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे हे साइटने सांगितलं तरच मराठी वळण उमटतं. कितीतरी मराठी साइट्सची भाषा सेटिंगमध्ये इंग्रजीच राहिलेली असते. दृष्टिहीन वाचक ज्या स्क्रीन रीडरवर ऐकतात त्यालाही याच नोंदीवरून कळतं की मराठी आवाज लावायचा. एका ओळीचं काम आहे, आणि राहून जातं. मॅडमच्या मजकुरासाठी मी ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट घेतला, त्यात मराठी वळणं मुळातच आहेत. शीर्षकांना ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट. दोन्ही खुल्या परवान्याचे, त्यामुळे फॉन्ट साइटच्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात.

शास्त्रीय नावांनी मात्र माझी परीक्षा पाहिली. फायकस रिलिजिओसा हे पिंपळाचं नाव रोमनमध्ये तिरप्या अक्षरांत लिहायचं हा त्या शास्त्राचा नियम, आणि मॅडम त्याबाबतीत तसूभरही हलणार नव्हत्या. हलायचं कारणही नव्हतं. पण मराठी मजकुरात कुठे जोर द्यायला तोच तिरपा वापरला की ब्राउझर देवनागरी अक्षरं ओढूनताणून वाकवतो. फॉन्टचं तिरपं रूप जोडलेलं नसलं की ते तो स्वतःच तयार करतो, आणि उभ्या काना-दंडांची लिपी वाऱ्याने कलल्यासारखी दिसते. मी हे बनावट तिरपेपण बंद करून टाकलं. रोमनसाठी खरा तिरपा फॉन्ट जोडला, त्याचा आकार शेजारच्या देवनागरीला शोभेल इतका कमी-जास्त करून पाहिला. मराठीतला जोर ठळक अक्षरांत. हे करायला दीड दिवस गेला. वाचणाऱ्याला त्यातलं काहीच जाणवणार नाही, तो सलग वाचत जाईल, आणि मला तेवढंच हवं होतं.

लेखाच्या पत्त्याचा एक घोळ मराठी ब्लॉगवाल्यांनी समजून घ्यावा असा आहे. वर्डप्रेस शीर्षकावरून लेखाचा पत्ता आपोआप तयार करतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं. पत्त्यात जाताना एकेका बाइटची तीन-तीन चिन्हं होतात, म्हणजे एका काना-मात्रेला नऊ जागा. आणि वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागाला एकूण जागा २००. भागाकार करा, जेमतेम २२ चिन्हं बसतात. त्यामुळे ‘पिंपळाच्या पानाचं टोक लांब का असतं’चा पत्ता झाला होता ‘पिंपळाच्या-पानाचं-टोक-ला’. लांबचा ला, पुढचं सगळं गायब. शिवाय तो पत्ता कॉपी करून कुणाला पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ जाते आणि पाहणारा ती उघडायला घाबरतो. म्हणून मी पत्त्यासाठी वेगळा रकाना समोर ठेवला, रोमनमध्ये दोन-तीन शब्द लिहायला, आणि तो रिकामा राहिला तर प्रकाशित करण्याआधी आठवण होते. छोट्या शीर्षकांना देवनागरी पत्ता ठेवायला माझी हरकत नसते. मॅडमची शीर्षकं छोटी नव्हती.

४१पैकी नऊ लेख युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेले निघाले. ते दुसरीकडे चिकटवले की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात, कारण फाइलमध्ये खरोखर तीच असतात, मराठी दिसायचं ते फक्त त्या फॉन्टच्या चेहऱ्यामुळे. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ती दोन जागी हमखास घसरतात. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणून जुन्या पद्धतीत ती आधी टंकत. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं बरोबर उलट, जुन्या पद्धतीत अक्षर झाल्यावर, युनिकोडमध्ये आधी. जोडाक्षर मध्ये आलं की साधनाचा अंदाज चुकतो आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. हे नऊ लेख मी आणि मॅडमनी फोनवर एकेक ओळ वाचून तपासले. त्या वाचायच्या, मी पडद्यावर बोट ठेवून ऐकायची. तिसऱ्या लेखापर्यंत त्या मला ‘अगं’ म्हणायला लागल्या होत्या.

याच वेळी ॲ आणि ऱ्य यांचाही निकाल लावला. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन लिहीत, अजूनही अनेक कीबोर्ड तसंच लिहितात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र सुद्धा दोन-तीन प्रकारे टंकला जातो. डोळ्याला सारखंच दिसतं, संगणकाच्या लेखी शब्द वेगळे. मग साइटवर शोधलं तर निम्मेच लेख सापडतात. मी सगळ्या मजकुरात एकच रूप केलं आणि शोधताना टाइप केलेल्या शब्दाचंही आधी त्याच रूपात रूपांतर होईल अशी व्यवस्था केली.

काय वापरून बनवायचं याबद्दल फार वाद घालण्यात मला रस नाही. २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरवरून वर्डप्रेस सुरू केलं, आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट्स त्यावर चालतात, आणि उद्या माझ्याऐवजी दुसरं कुणी हे काम हातात घेणार असेल तर ते सापडणं सोपं जातं. मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात खुणा करून, लिहिणारे, फाइल्स नीट ठेवणारे क्लायंट आले तर त्यांना मी ह्यूगो किंवा इलेव्हन्टी या साधनांवर बनवून देते. त्यांत डेटाबेसच नसतो, साइट हलकी आणि बिनघोर राहते. मॅडमना टॅबलेटवर लिहायचं होतं, म्हणून वर्डप्रेस.

इथवरचं सगळं वाचकाच्या बाजूचं. लिहिणाऱ्याच्या बाजूकडे सहसा कुणी पाहतच नाही. क्लायंटला दाखवतात ते मुख्य पान. तो खूश होतो, पैसे देतो, आणि घरी जाऊन पहिला लेख लिहायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर जो पडदा येतो तो कुणीच त्याच्यासाठी सजवलेला नसतो. डिसेंबर २०१८मध्ये वर्डप्रेसच्या ५.०सोबत ब्लॉक एडिटर आला, लेख तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे ब्लॉकनी, रचायचा. अधिकचं चिन्ह दाबलं की ब्लॉकची लांबच लांब यादी उघडते. मॅडमच्या ४१ लेखांत मला लागले फक्त पाच. परिच्छेद, उपशीर्षक, फोटो, अवतरण, यादी. बाकीचे मी लपवले. सहावा मी बनवून दिला, ‘झाडाची नोंद’, कारण त्या दोन ओळी त्यांच्या प्रत्येक लेखात होत्याच. नवा लेख उघडला की ती चौकट वर तयार असते, मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुठे पाहिलं, कोणत्या तारखेला. या तारखांवरून मग एक पान आपोआप तयार होतं, कोणत्या महिन्यात मॅडमनी काय काय फुललेलं पाहिलं त्याचं. त्यांनी हे पान मागितलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ काही बोलल्या नाहीत, नुसत्या महिने खाली-वर करत राहिल्या.

विभाग त्यांना चौदा हवे होते. लेख वाचल्यामुळे मी सांगू शकले की तीन पुरतात. त्यांनी ऐकलं.

साइट हातात देण्याआधी मी क्लायंटच्या शेजारी बसते आणि त्यांना पहिला लेख पूर्ण टाकायला सांगते. मी माउसला हात लावायचा नाही, तोंडही उघडायचं नाही. हे फार अवघड जातं, पण यातून जे कळतं ते दुसऱ्या कशातून कळत नाही. मॅडमनी लेख चिकटवला, फोटो टाकला आणि ‘प्रकाशित करा’ दाबलं. बाजूला एक पट्टी उघडली, खात्री करून पुन्हा तेच दाबायला सांगणारी. त्यांना वाटलं काम झालं, त्यांनी खिडकी बंद केली. लेख ड्राफ्टमध्येच राहिला. मी तिथे नसते तर दोन दिवसांनी त्यांना वाटलं असतं की आपल्याला हे जमत नाही, आणि तीच बहुतेक ब्लॉगांच्या शेवटाची सुरुवात असते. ती दुसरी खात्री मी बंद केली. त्यांनी विचारलं, “आणि चुकून अर्धवटच गेलं तर?” तेव्हा जुन्या आवृत्त्या कुठे जपून राहतात ते दाखवलं. आधीची आवृत्ती परत आणता येते हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांचा हात मोकळा झाला.

फोटोखाली दोन रकाने का, हेही त्यांनी तेव्हाच विचारलं. एक ओळख सगळ्यांना दिसणारी, दुसरं वर्णन ज्यांना फोटो दिसत नाही त्यांच्यासाठी. मी समजावलं तशा त्या क्षणभर थांबल्या आणि टाइप केलं, ‘बोटांत उभं धरलेलं पिंपळाचं पान, टोक पानाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं लांब.’ इतकं चोख वर्णन मला कुणी लिहून दिलेलं नाही. आता इतर क्लायंटना उदाहरण म्हणून मी तेच वाचून दाखवते, त्यांची परवानगी घेऊन.

जुन्या साइटवरचे ते तीन लेख नव्या पत्त्यांवर हलवताना मी प्रत्येकाला ३०१ रीडायरेक्ट लावला, म्हणजे जुना दुवा उघडणारा आपोआप नव्या जागी पोहोचतो. तीनच तर लेख, कशाला एवढं, असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही, कारण ही चूक मी एकदा केलेली आहे. एका क्लायंटच्या जवळजवळ दोनशे लेखांच्या पत्त्यांमधून तारीख काढून टाकली, पत्ते सुटसुटीत दिसावेत म्हणून, आणि रीडायरेक्ट लावायचे राहिले. दुसऱ्यांनी आपापल्या लेखांत दिलेले दुवे एका रात्रीत ४०४वर, म्हणजे ‘पान सापडत नाही’वर, गेले. एका वाचकाने क्लायंटला विचारलं की तुम्ही लेख काढून का टाकलेत. आठवडाभर बसून सगळे दुवे जोडले, पण त्या वाचकाला जे वाटून गेलं ते गेलंच. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवलंय की चांगला पत्ता कधी बदलत नाही. तेव्हापासून प्रत्येक स्थलांतराला जुन्या-नव्या पत्त्यांचा तक्ता आधी करते, मग बाकीचं.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, क्लायंटच्या नावावर, क्लायंटच्या ईमेलवर, क्लायंटच्याच कार्डाने घ्यायचं, हा माझा दुसरा न बदलणारा नियम. माझ्याकडे एक लेखक आले होते ज्यांचं डोमेन आधीच्या साइट बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. त्याने फोन उचलणं बंद केलं होतं. नूतनीकरणाची सूचना त्याच्या ईमेलवर जाणार आणि नाव यांचं जाणार. शेवटी मिळालं, पण मधल्या पाच महिन्यांत त्या माणसाने एक ओळ लिहिली नाही. आपल्याच नावाला आपण दुसऱ्याकडे विनवण्या करतोय ही गोष्ट लिहिण्याच्या मुळावर येते, हे मी जवळून पाहिलं.

बॅकअपही असाच. तो घेतला जातोय हे सांगून भागत नाही. मी क्लायंटसमोर एका रिकाम्या चाचणी-साइटवर तो परत उतरवून दाखवते. सगळे लेख, सगळे फोटो, फॉन्टसह. मग दोन कागदांवर छापून देते, कोणती गोष्ट कुठे आहे, कधी नूतनीकरण, मी नसले तर कुणालाही हे दाखवा. आरएसएस फीडमध्ये, म्हणजे वाचकाच्या ॲपमध्ये नवे लेख आपोआप पोचवणाऱ्या सोयीत, पूर्ण लेख ठेवते, नुसता तुकडा नाही. गूगलने फीड वाचण्याचा आपला रीडर २०१३मध्ये बंद केला तरी फीडवर वाचणारे वाचक आहेत, आणि ते सहसा मनापासून वाचणारे असतात.

मॅडमची साइट सुरू होऊन आता काही महिने झाले. दर आठवड्याला एक लेख, मध्ये एकच खंड पडला तो डोळ्याच्या ऑपरेशनमुळे. परवा त्यांचा नवा लेख आला, पानगळीवर. पाच झाडं, तीन वर्षं, प्रत्येकाचं पहिलं पान कधी गळलं आणि पहिली पालवी कधी फुटली. हा सगळा तपशील त्यांनी वहीत आखून, पान सरळ धरून त्याचा फोटो काढून लेखात टाकला होता. तक्त्याचा ब्लॉक मीच लपवला होता. ४१ लेखांत एकही तक्ता नव्हता.

मी फोन केला तर म्हणाल्या, “अगं, नव्हतं तुझ्या यादीत, म्हणून फोटो टाकला. वाचता येतंय ना?”

येतं, पण मोबाइलवर फोटो मोठा करून करून वाचावं लागतं, आणि शोधणाऱ्याला त्यातली एकही तारीख सापडणार नाही. आज सकाळी तक्ता उघडून दिला. अरुंद पडद्यावर सहा रकाने मावत नाहीत, म्हणून तिथे एकेका झाडाची वेगळी पट्टी करून पाहतेय, वर झाडाचं नाव, खाली तीन वर्षांच्या तारखा. पिंपळ आणि पळस झाले. संध्याकाळी मॅडमना फोन करायचाय, वहीतला सावरीचा रकाना मला नीट लागत नाहीये, तिथला आकडा सात आहे की एक.